पोटाचे माप

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. माणूस दिवसाला किती उष्मांक खातो, हा डॉक्टरांचा नाहीतर आहारशास्त्रज्ञांचा प्रश्न. कामगार संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाने त्यात का शिरावे? आमचे उत्तर सरळ आहे. हा प्रश्न आमच्यापाशी दवाखान्यातून आला नाही, पगाराच्या वाटाघाटीतून आला. शाळा आम्ही नववीतच सोडली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कराराच्या कागदांवर झाले. त्या कागदांत ‘किमान वेतन’ या शब्दांच्या मागे नेहमी एक आकडा दडलेला असे. तो आकडा कोठून आला, कोणी काढला, कशासाठी काढला, याचा माग काढीत गेलो, तेव्हा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास उलगडला. तो आपल्यापुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी उष्मांक म्हणजे काय ते पाहू. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जितकी उष्णता लागते तो एक उष्मांक. रोजच्या बोलण्यात आपण त्यालाच कॅलरी म्हणतो. अन्नात अशी उष्णता किती हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ तो पदार्थ पोलादी भांड्यात प्राणवायू भरून जाळतात आणि भोवतालचे पाणी किती तापले ते पाहतात. अमेरिकेत विल्बर अॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने याच्याही पुढे पाऊल टाकले. १८९० नंतरच्या दशकात मिडलटाउन येथील वेस्लेयन विद्यापीठात त्याने माणूस राहू शकेल एवढी बंद खोली उभारली. त्या खोलीत माणसे दिवसेंदिवस राहत, जेवत, झोपत, कधी एका जागी बसून सायकल चालवीत. आणि त्यांच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते याची नोंद होई. एक ग्रॅम प्रथिनातून चार, एक ग्रॅम पिष्टातून चार आणि एक ग्रॅम स्निग्धातून नऊ उष्मांक मिळतात, हे कोष्टक त्याच्याच कामातून रूढ झाले. आज बिस्किटाच्या पुड्यावर जो आकडा छापलेला असतो त्याचे मूळ तेथे आहे.

परंतु अॅटवॉटरने केवळ खोलीत माणसे बसविली नाहीत. कामगारांच्या घरी काय शिजते याच्याही पाहण्या त्याने केल्या. येथूनच शास्त्राला व्यवहाराचा वारा लागला. बोस्टनचा एक उद्योजक, एडवर्ड अॅटकिन्सन, याने या मोजणीचा आधार घेऊन असे सांगण्यास आरंभ केला की, कामगाराने महाग मांस सोडून स्वस्त पदार्थ घेतले आणि ते मंद आचेवर नीट शिजविले, तर आहे त्याच पगारात त्याचे उत्तम भागेल. त्यासाठी त्याने ‘अलादीन ओव्हन’ नावाची एक शेगडीही तयार केली. तेथल्या कामगार पुढाऱ्यांना यात पगारवाढ टाळण्याचा डाव दिसला, आणि तो दिसणे स्वाभाविक होते. उष्मांकाचा आकडा जन्माला येतो न येतो तोच तो मालक आणि मजूर यांच्यामध्ये उभा राहिला. ही गोष्ट ध्यानात ठेवूनच आपण आपल्या देशाकडे वळू.

आपल्याकडे अन्नाची मोजणी उष्मांकाच्याही आधी सुरू झाली, आणि ती झाली तीन ठिकाणी: तुरुंगात, बोटीवर आणि दुष्काळी कामावर. तिन्ही ठिकाणी खाणारा माणूस दुसऱ्याच्या ताब्यात होता. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपल्या निबंधात नेमका याच मोजणीचा उपयोग केला. परदेशी मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना बोटीवर जो शिधा द्यावा लागे त्याची सरकारी यादी त्यांनी घेतली. बोटीवर नुसते बसून राहणाऱ्या माणसाला जगविण्यापुरता तो शिधा होता. त्याची किंमत त्यांनी काढली, कैद्यांवरील खर्चही पाहिला, आणि दाखवून दिले की माणशी वार्षिक सरासरी उत्पन्न सुमारे २० रुपये असलेल्या या देशात सामान्य माणसाला कैद्याइतकेही अन्न परवडत नाही. सरकारचेच माप सरकारसमोर ठेवण्याची ही युक्ती पुढे कामगार चळवळीला फार उपयोगी पडली.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पुढच्याच वर्षी दख्खनवर आणि मद्रास इलाख्यावर मोठा दुष्काळ कोसळला. खर्च आवरण्यासाठी सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना धाडले. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, किंवा तेवढ्या धान्याची किंमत, आणि वर एक आणा पुरे, असे त्यांनी ठरविले. बाईला त्याहून कमी. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. एवढ्या अन्नावर माणूस काम करू शकत नाही, तो झिजून मरतो, हे त्यांचे म्हणणे होते. आज आपण हा हिशेब सहज करू शकतो. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. तेवढ्या तांदळात साधारण १,५५० ते १,६०० उष्मांक असतात. त्यावर एका आण्यात दुष्काळी बाजारात जे मिळेल ते. खडी फोडणाऱ्या माणसाला याच्या जवळजवळ दुप्पट लागतात.

दुष्काळी कामावरच्या लोकांपाशी तेव्हा हे कोष्टक नव्हते. तरी मुंबई इलाख्यात १८७७ च्या आरंभी हजारो लोकांनी ही मजुरी नाकारून काम सोडले, आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आपल्याकडील संपांचा इतिहास लिहिताना गिरण्यांपासून आरंभ करण्याची रीत आहे. आमच्या मते त्या आधीचे एक पान या उपाशी लोकांच्या नावे असले पाहिजे. त्यांचा वाद पैशाचा कमी आणि पोटाच्या मापाचा अधिक होता.

पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर फॅमिन कोड तयार झाले आणि दुष्काळग्रस्ताचा शिधा कागदावर आला. तुरुंगाचा शिधा जेल मॅन्युअलमध्ये होताच. मग १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस स्थापन केले. त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांनी १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. १९२३ साली तिचा अहवाल छापून आला. दोन हजारांहून अधिक कुटुंबांचे हिशेब त्यात होते, आणि खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग पोटावर जात होता. पण या अहवालातील एक निष्कर्ष असा होता की ज्याने सरकारी कागदालाही बोलते केले. मुंबईचा औद्योगिक कामगार फॅमिन कोडात सांगितलेल्या कमाल धान्याइतके धान्य खातो, परंतु मुंबईच्या जेल मॅन्युअलने कैद्याला जेवढा आहार नेमून दिला आहे त्यापेक्षा कमी खातो!

श्रोतेहो, याचा अर्थ नीट पाहा. जगातल्या मोठ्या कापड केंद्रांपैकी एक असलेल्या शहरात, दिवसाला दहा तास यंत्रापुढे उभा राहणारा माणूस दुष्काळग्रस्ताच्या पातळीवर जेवत होता आणि कैद्याच्या खाली. हे कोणा चळवळ्याने सभेत ठोकलेले वाक्य नव्हे; सरकारी अधिकाऱ्याने मोजून लिहिलेला निष्कर्ष होता. म्हणूनच आम्ही नव्या कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो की, सरकारी अहवाल कंटाळवाणे म्हणून बाजूला ठेवू नका. त्यांच्या कोष्टकांत आपली साक्ष दडलेली असते.

यानंतरचे महत्त्वाचे नाव डॉ. वॉलेस अॅक्रॉइड यांचे. १९३५ साली ते निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. आपल्याकडील धान्ये, डाळी, भाज्या यांत काय काय आहे याचे पृथक्करण तेथे झाले आणि १९३७ साली ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ म्हणून ते प्रसिद्ध झाले. ही पुस्तिका पुढे कित्येक वर्षे देशातल्या आहारगणनेचा पाया होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगावरही अॅक्रॉइड होते. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांनी कोष्टकातच पाहिले नव्हते.

आणि याच अॅक्रॉइडांचा आकडा १९५७ साली कामगारांच्या हाती आला. त्या वर्षी जुलैत नवी दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार असे तिन्ही पक्ष हजर होते. किमान वेतन गरजेवर आधारलेले असावे हे तेथे ठरले आणि गरज म्हणजे काय तेही ठरले. एका कमावत्या माणसामागे कुटुंबाची तीन उपभोग एकके धरावीत, अॅक्रॉइडांच्या शिफारशीप्रमाणे मध्यम श्रमाच्या प्रौढाला रोज २,७०० उष्मांक धरावेत, चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. तुरुंग, बोट आणि दुष्काळ या वाटेने आलेले पोटाचे माप प्रथमच मोकळ्या माणसाच्या हक्काच्या यादीत जाऊन बसले.

ठराव झाला, पण ठराव म्हणजे पगार नव्हे. १९५९ साली दुसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाने हे माप देशाला झेपणारे नाही असे म्हणून ते स्वीकारले नाही आणि किमान वेतन ८० रुपये सुचविले. १९६० च्या जुलैत केंद्रीय कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला, त्याच्या मागे हाही असंतोष होता. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात १९५७ ची मापे मान्य केलीच; शिवाय मुलांचे शिक्षण, औषधपाणी, करमणूक, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत असे सांगितले. माणूस केवळ पोटासाठी जगत नाही, हे न्यायालयाच्या कागदावर यायला चौतीस वर्षे लागली.

दरम्यान हाच आकडा वेतनाच्या टेबलावरून उठून दारिद्र्याच्या चर्चेत गेला, आणि त्या चर्चेत महाराष्ट्रात काम करणारे अभ्यासक आघाडीवर होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, असे माप त्यांनी लावले. १९६०-६१ च्या आकड्यांवरून खेड्यातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली येत होते. १९७९ मध्ये नियोजन मंडळाच्या कार्यगटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक धरले.

यावर आक्षेप घेतला तो सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुपुत्र, संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक म्हणून त्यांनी वीस वर्षे काम केले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर काही मर्यादेत कमी-अधिक अन्नाशी जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेच्या खाली गेलेला प्रत्येक जण उपाशी म्हणता येत नाही. दांडेकरांनी त्यांना उत्तर दिले आणि दोघांचा हा वाद १९८० च्या दशकात बराच रंगला. सुखात्म्यांची विद्वत्ता मोठी आणि त्यांच्या मुद्द्यात शास्त्रीय तथ्यही होते. परंतु शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते म्हणजे काय, हे हमालाच्या पाठीवरून पाहिले तर वेगळे दिसते. तो पोत्यांच्या दोन खेपा कमी करतो, रविवारी घरातून उठत नाही, त्याच्या मुलाची उंची खुंटते. शास्त्राच्या भाषेत हे जुळवून घेणे असेल. आमच्या भाषेत ती कपात आहे.

आता या मोजणीच्या रीतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण आकडा कसा आला हे कळल्याशिवाय त्याच्यावर विश्वासही ठेवू नये आणि अविश्वासही दाखवू नये. देशातील लोक किती खातात हे ताजवा घेऊन कोणी सर्वांच्या स्वयंपाकघरात पाहत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीचा माणूस निवडक घरी जातो आणि मागच्या ठरावीक दिवसांत किती ज्वारी, किती तांदूळ, किती तेल वापरले ते विचारतो. घरची बाई आठवून सांगते. त्या वजनांना आहारकोष्टकातील उष्मांकांनी गुणायचे आणि घरातील माणसांनी व दिवसांनी भागायचे. यात खाचखळगे पुष्कळ. मोलकरणीने मालकिणीच्या घरी खाल्लेली पोळी जुन्या पाहण्यांत मालकिणीच्या घराच्या खात्यावर पडत असे; म्हणजे श्रीमंत होता त्याहून अधिक खाताना दिसे आणि गरीब होता त्याहून कमी. खाणावळीत जेवणाऱ्याचा उष्मांक तर निव्वळ अंदाजानेच धरावा लागतो. ताटात उरलेले, उंदराने नेलेले, पाहुण्याने खाल्लेले, हे सारे सरासरीत विरघळते. आणि घराची सरासरी घरातल्या बाईच्या ताटापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणूनच आकड्यांचा अर्थ लावताना थोर अभ्यासकांतही एकमत होत नाही. १९८३ पासून २००४-०५ पर्यंत खेड्यांतील माणशी उष्मांक सुमारे दहा टक्क्यांनी घटले, असे या पाहण्यांतून दिसले. अँगस डीटन व ज्याँ द्रेझ यांनी सुचविले की, अंगमेहनत कमी झाली, पाणी व आरोग्य सुधारले, त्यामुळे गरज घटली असणे शक्य आहे. उत्सा पटनाईक यांनी त्यात वाढती भूक पाहिली. आकडा एक आणि अर्थ दोन. २००९ साली तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषेची उष्मांकाशी असलेली गाठच सोडून दिली.

एका वाटाघाटीत या गाठीचा प्रश्न आमच्यापुढे विचित्र रीतीने आला. व्यवस्थापनाच्या तज्ज्ञाने हसत सांगितले की, आता यंत्रे आली, कामगाराला २,७०० उष्मांक लागतच नाहीत, त्याने इतके खाल्ले तर त्याचे पोट सुटेल. आमच्याबरोबर निवडप्रतवारीच्या खात्यातील एक बाई होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, “साहेब, तुमच्या कागदावर पुरुषाचे एकक एक आणि बाईचे आठ दशांश. मी इथे आठ तास उभी, घरी पाणी भरते, स्वयंपाक करते. माझे दोन दशांश कुणी खाल्ले?” त्या खोलीत कोणालाच उत्तर देता आले नाही. १९५७ च्या हिशेबात पुरुषाचे एक, बाईचे आठ दशांश, दोन मुलांची सहा-सहा दशांश मिळून तीन एकके होतात. बाईचे शरीर सरासरीने लहान म्हणून तिला कमी, हे शरीरशास्त्राच्या दृष्टीने खोटे नाही; पण तिच्या श्रमाचे तास मोजायचे कोणाला सुचले नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या आकड्यांनुसार मध्यम श्रमाच्या पुरुषाला सुमारे २,७१० आणि जड श्रमाच्या बाईला सुमारे २,७२० उष्मांक लागतात. म्हणजे काम जड असेल तर बाई पुरुषाच्या बरोबरीला येते. त्या बाईंचा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता.

आता घरच्या घरी हिशेब करू. एका माणसाने दिवसभरात ४०० ग्रॅम ज्वारीच्या भाकरी, १०० ग्रॅम तांदळाचा भात, ५० ग्रॅम तुरीची डाळ, ३० ग्रॅम तेल आणि ३० ग्रॅम गूळ खाल्ला असे धरा. जुन्या कोष्टकाप्रमाणे अनुक्रमे सुमारे १,३९६, ३४६, १६८, २७० आणि ११५, बेरीज २,२९५. पोट भरलेले दिसते. पण २,७०० ला अजून चारशे कमी, आणि दूध, भाजी, फळ यांचा हिशेब अजून व्हायचा आहे. उष्मांक धान्याने स्वस्तात भरतात. रक्त, हाड आणि दृष्टी मात्र नुसत्या धान्याने टिकत नाहीत. म्हणून उष्मांकाचा आकडा पुरा झाला म्हणजे आहार पुरा झाला, असे कोणी सांगितले तर ते मानू नये.

२०१९ साली केंद्राच्या एका तज्ज्ञ समितीने किमान वेतनासाठी नवे माप सुचविले: माणशी एककाला २,४०० उष्मांक, ५० ग्रॅम प्रथिने, ३० ग्रॅम स्निग्ध, आणि कुटुंबाची एकके तीनऐवजी ३.६. आमच्यातील काहींनी २,७०० चे २,४०० झाले म्हणून लगेच ओरड केली. पण गुणाकार करून पाहा. आधी कुटुंबाला रोज ८,१०० उष्मांक मिळत होते. नव्या मापाने ८,६४० होतात. एकच आकडा पाहून भांडणारा येथे फसला असता. त्या समितीने जुलै २०१८ च्या भावाने दिवसाला ३७५ रुपये सुचविले. केंद्राने २०१७ साली ठरविलेली देशव्यापी तळमजुरी १७६ रुपये होती. खरे भांडण या दोन आकड्यांतल्या अंतराचे होते.

या साऱ्या इतिहासावरून आम्ही एवढाच बोध घेतला आहे. माणूस किती खातो याचा अंदाज कधी हवेत होत नाही. मोजणाऱ्याच्या मनातील प्रश्नाप्रमाणे तो होतो. माणूस मरू नये म्हणून किती द्यावे, असे टेंपलने विचारले तेव्हा एक पौंड उत्तर आले. माणसाने काम करून माणसासारखे जगावे म्हणून किती लागेल, असे १९५७ च्या परिषदेने विचारले तेव्हा निराळे उत्तर आले. म्हणून कोष्टकावर रागावून उपयोग नाही आणि त्याची पूजा करूनही नाही. ते वाचता आले पाहिजे, त्यातील एकके तपासता आली पाहिजेत, आणि गरज पडली तर प्रश्नच बदलून मागता आला पाहिजे. १८७७ साली खडी टाकून उठलेल्या लोकांना हे कोष्टकाशिवाय कळले होते. आपल्यापाशी कोष्टक आहे, वाचनालय आहे, ही व्याख्यानमालाही आहे. आज घरी गेल्यावर आपल्या घरचा एक दिवसाचा हिशेब कागदावर मांडून पाहावा, आणि तो मांडताना सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या माणसाचे ताट आधी मोजावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.